इजिप्तचे सण आणि त्यांची तीन पंचांगे

इजिप्तमध्ये शम्म अन-नसीम नावाचा वसंताचा सण २०२४ मध्ये ६ मे रोजी साजरा झाला आणि २०२५ मध्ये २१ एप्रिल रोजी. २०२६ मध्ये तो १३ एप्रिलला येतो. रमजान ईद २०२४ मध्ये १० एप्रिलला होती, ती पुढच्या वर्षी ३१ मार्चला आली. नाताळ मात्र दरवर्षी ७ जानेवारीलाच येतो. ६ ऑक्टोबर या तारखेच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय दिवसाची सुट्टी तर २०२५ मध्ये ९ ऑक्टोबरला देण्यात आली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ भव्य इजिप्शियन संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले, तेव्हापासून त्या देशाच्या सहलीचे बेत पुन्हा रंगू लागले आहेत. असे बेत आखणाऱ्याने तिथल्या सुट्ट्यांची यादी उघडली, की कोणता सण का सरकतो आणि कोणता का सरकत नाही, याचा काही केल्या मेळ लागत नाही.

मेळ आहे, पण तो एका यादीत सापडत नाही. इजिप्तचे वर्ष एकाच वेळी तीन पंचांगांवर चालते, आणि प्रत्येक सण त्यांपैकी कोणत्या पंचांगाचा आहे हे कळले की यादीतला बहुतेक गोंधळ आपोआप मिटतो. काही सण मात्र दोन पंचांगांच्या सीमेवर उभे आहेत, आणि माझ्या मते इजिप्त समजून घ्यायचा असेल तर तेच सर्वांत मोलाचे आहेत.

आधी तीन पंचांगे वेगळी करू

पहिले पंचांग हिजरी, म्हणजे इस्लामी. ते पूर्णपणे चांद्र आहे. चंद्रकोर दिसली की महिना सुरू होतो आणि पुढची कोर दिसली की संपतो. असा महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो आणि बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांत पुरे होते. दुसरे पंचांग कॉप्टिक. कॉप्ट म्हणजे इजिप्तचे मूळचे ख्रिस्ती लोक. दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात त्यांचे प्रमाण अंदाजे दहा टक्के मानले जाते. त्यांचे पंचांग सौर आहे, म्हणजे सूर्य आणि ऋतू यांच्याशी बांधलेले. तिसरे पंचांग म्हणजे आपल्या भिंतीवर असते तेच इंग्रजी कॅलेंडर. सरकारी कारभारासाठी इजिप्तने ते १८७५ मध्ये स्वीकारले आणि राष्ट्रीय दिवस त्यानुसार ठरतात.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी आखूड असते, ही अडचण मराठी वाचकाला नवी नाही. आपले महिनेही चंद्राचेच, पण साधारण पावणेतीन वर्षांनी आपण एक अधिक महिना घालतो आणि मागे पडलेला हिशेब सूर्याशी जुळवून घेतो. म्हणून दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, पण कधीच भर पावसाळ्यात येत नाही. हिजरी पंचांगात असा जादा महिना घालण्यास धर्मानेच मनाई केलेली आहे. त्यामुळे तिथे फरक साचत जातो आणि प्रत्येक इस्लामी सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकत सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. एकाच माणसाच्या आयुष्यात रमजान कडाक्याच्या थंडीतही येतो आणि जूनच्या सोळा तासांच्या उपासातही. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

चंद्राचे सण

इस्लामी वर्ष मोहरमच्या पहिल्या दिवशी सुरू होते आणि त्या दिवशी इजिप्तमध्ये सरकारी सुट्टी असते. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, घरोघरी गहू दुधासाखरेत शिजवून त्याच नावाची खीर करतात आणि वाट्या भरून शेजारी पाठवतात. तिसऱ्या महिन्याच्या बाराव्या दिवशी पैगंबर जयंती येते. ती इजिप्तमध्ये मुख्यतः मिठाईची असते. तीळ, हरभरा, शेंगदाणे अशा एकेका जिनसाची साखरेच्या पाकातली कडक वडी दुकानाबाहेर मांडवात रचून ठेवलेली असते, आणि तिच्या शेजारी ‘अरूसा’, म्हणजे कागदी पंख्यांनी सजवलेली साखरेची नवरी, आणि मुलांसाठी साखरेचा घोडेस्वार. ही प्रथा इजिप्तवर राज्य करणाऱ्या शियापंथी फातिमी खलिफांच्या काळातली, म्हणजे ९६९ ते ११७१ या काळातली असल्याचे इजिप्शियन लोक सांगतात. आता साखरेच्या नवरीची जागा बव्हंशी प्लास्टिकच्या बाहुलीने घेतली आहे. ती टिकते खरी, पण खाता येत नाही, आणि यात काहीतरी गमावले गेले असे मला वाटते.

रमजान हा उपासाचा महिना आहे, म्हणून त्याला सण म्हणणे काहींना खटकेल. इजिप्तमध्ये मात्र वर्षातला सर्वांत उत्सवी महिना तोच. गल्लीच्या एका गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत पताका आणि दिव्यांच्या माळा लागतात. ‘फानूस’ नावाचे रंगीत काचेचे कंदील विकायला येतात. ९७३ मध्ये फातिमी खलिफा अल-मुइझ्झ रमजानात कैरोला आला तेव्हा लोक हातात दिवे घेऊन त्याच्या स्वागताला बाहेर पडले आणि कंदिलाची चाल तिथून पडली, अशी कथा सांगतात. पहाटेपूर्वी ‘मसहराती’ नावाचा माणूस छोटा ढोल वाजवत गल्लीतून फिरतो आणि लोकांना शेवटच्या जेवणासाठी उठवतो. सूर्यास्ताला उपास सोडण्याची खूण म्हणून तोफ उडवण्याची जुनी रीत आहे, आणि कैरोच्या किल्ल्यावरच्या त्या तोफेचे नाव अजून प्रत्येकाच्या तोंडी असते. रस्त्याकडेला लांबच लांब टेबले मांडून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही फुकट जेवू घालतात. त्यांना ‘मवाइद अर-रहमान’, म्हणजे दयाळू ईश्वराची पंगत, म्हणतात.

महिन्याच्या अखेरीस येणारी रमजान ईद ‘कहक’शिवाय होत नाही. तुपात मळलेल्या पिठाची, वर नक्षी उठवलेली आणि पिठीसाखरेत घोळवलेली ही गोल बिस्किटे आत खजूर, अक्रोड किंवा मधाचे सारण भरून भाजतात. ईदच्या आधीच्या आठवड्यात बायका ती मोठ्या पत्र्यांवर मांडून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत पाठवत असत, आणि आजही अनेक ठिकाणी पाठवतात. लहान मुलांना वडीलधाऱ्यांकडून कोऱ्या नोटा मिळतात. पुढे सुमारे सत्तर दिवसांनी बकरी ईद येते. तेव्हाचे मुख्य पक्वान्न ‘फत्ता’: भाजलेल्या रोटीचे तुकडे, त्यावर रस्सा, भात, लसूण आणि व्हिनेगरची फोडणी, आणि सर्वांत वर मटण. कुर्बानीच्या मांसाचा एक वाटा गरिबांचा असतो आणि एक नातेवाइकांचा, त्यामुळे एरवी ज्या घरात मटण क्वचित शिजते तिथेही त्या दिवशी ते पोचते.

‘गणित येते, मग चंद्र कशाला पाहायचा?’

हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. चंद्राची जागा कित्येक वर्षे पुढची अचूक सांगता येते. तरीही २०२५ मध्ये सौदी अरेबियात रमजान ईद ३० मार्चला झाली आणि इजिप्तमध्ये ३१ मार्चला.

याचे कारण गणिताच्या चुकीत नाही. अमावास्येचा क्षण सगळ्या पृथ्वीसाठी एकच असतो, पण त्यानंतरची पहिली कोर दिसणे हे ठिकाणावर, सूर्यास्ताच्या वेळेवर, क्षितिजावरच्या धुळीवर आणि कोर किती जाड झाली आहे यावर अवलंबून असते. धर्मशास्त्राची अट ‘कोर दिसली पाहिजे’ अशी असल्यामुळे दोन देश प्रामाणिकपणे दोन वेगळ्या निर्णयांना येऊ शकतात. इजिप्तमध्ये हा निर्णय ‘दार अल-इफ्ता’ ही १८९५ मध्ये स्थापन झालेली संस्था जाहीर करते. महिन्याच्या २९व्या संध्याकाळी वेगवेगळ्या ठिकाणी निरीक्षक बसतात, खगोलशास्त्र संस्थेचे गणित हाताशी असते, आणि मग ग्रँड मुफ्ती, म्हणजे या संस्थेचे प्रमुख धर्मशास्त्री, दूरचित्रवाणीवरून घोषणा करतात. गणिताने चंद्र क्षितिजाखाली असल्याचे निश्चित सांगितले असेल, तर ‘मला दिसला’ ही साक्ष ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे गणिताला नकाराचा अधिकार आहे, पण होकार डोळ्यांनी द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे.

पूर्णपणे गणितावर चालणारे हिजरी पंचांगही आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. फातिमी खलिफांनी कैरोत तीस वर्षांचे ठरावीक चक्र असलेले पंचांग वापरले. त्यात ११ वर्षे ३५५ दिवसांची आणि उरलेली ३५४ दिवसांची असतात, त्यामुळे तारखा आधीच पक्क्या ठरतात. फातिमी परंपरा मानणारा दाऊदी बोहरा समाज आजही तेच पंचांग पाळतो, आणि त्याला ‘मिसरी’, म्हणजे इजिप्तचे, असेच म्हणतो. मुंबईत बोहऱ्यांची ईद अनेकदा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते, ती यामुळे. कैरोतली अल-हाकिम ही फातिमी मशीद पडझडीतून उभी केली तीही याच समाजाने, सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या पुढाकाराने, १९८० मध्ये. इजिप्तमधले आजचे मुसलमान मात्र सुन्नी आहेत आणि ते पंचांग पाळत नाहीत.

नाईलचे पंचांग

कॉप्टिक पंचांग हे फेरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, काळातल्या पंचांगाचे थेट वंशज आहे. प्राचीन इजिप्तने वर्षाचे तीन ऋतू केले होते, आणि तिन्ही नाईल नदीच्या वागण्यावरून ठरले होते: पूर येतो तो काळ, पूर ओसरून पेरणी होते तो काळ आणि कापणीचा काळ. प्रत्येकी चार महिने, प्रत्येक महिना बरोबर ३० दिवसांचा, आणि शेवटी पाच सुटे दिवस. हे ३६५ दिवस होतात, पण खरे वर्ष त्याहून सुमारे पाव दिवसाने मोठे असते. दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवावा असा आदेश राजा टॉलेमी तिसरा याने इ.स.पू. २३८ मध्ये काढला होता. तो पाळला गेला नाही, आणि ती सुधारणा शेवटी रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात लागू झाली. तेच रूप आज चर्चमध्ये चालू आहे: तीस दिवसांचे बारा महिने आणि ‘नसी’ नावाचा पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा, चिमुकला महिना.

या पंचांगाची वर्षे इ.स. २८४ पासून मोजतात. त्या वर्षी रोमन सम्राट डायोक्लेशियन गादीवर आला आणि त्याच्या कारकिर्दीत इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांचा भीषण छळ झाला, म्हणून या शकाला हुतात्म्यांचा शक म्हणतात. ११ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे १७४२वे वर्ष सुरू झाले. नववर्षाच्या या दिवसाला ‘नैरूज’ म्हणतात. त्या दिवशी लाल ताजे खजूर आणि पेरू खातात. खजुराची लाल साल म्हणजे हुतात्म्यांचे रक्त, आतला पांढरा गर म्हणजे निर्मळ मन आणि कठीण बी म्हणजे न ढळणारी श्रद्धा, असे मुलांना समजावून सांगितले जाते.

मला या पंचांगाचे सर्वांत विशेष वाटते ते हे की ते चर्चच्या भिंतीआड राहिले नाही. इजिप्तचा मुसलमान शेतकरीही हवामान आणि पेरणीचा हिशेब याच महिन्यांत करतो, कारण हिजरी महिना ऋतू सांगू शकत नाही. ‘कियाहक’मध्ये, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, दिवस इतके लहान होतात की ‘तुझी सकाळ हीच तुझी संध्याकाळ’ असे म्हणतात. त्यानंतरचा ‘तूबा’ इतका गारठ्याचा, की तो तरण्या पोरीची म्हातारी करतो. ‘अमशीर’ वादळवाऱ्यांचा. आणि ‘बरमहात’ आला, की ‘शेतात जा आणि घेऊन ये’, कारण मार्चमध्ये पीक हाताशी आलेले असते. या म्हणी धर्माच्या नाहीत, जमिनीच्या आहेत.

तूबा महिन्याच्या ११ तारखेला, सहसा १९ जानेवारीला, येशूच्या बाप्तिस्म्याचा ‘गितास’ हा सण असतो. त्या दिवशी ‘कुल्कास’ शिजवतातच. कुल्कास म्हणजे अळूचा कंद. तो कच्चा खाल्ला तर घसा खाजतो. सोलून, पाण्यात धुऊन आणि शिजवून घेतला की तो निर्धोक आणि रुचकर होतो. पाण्याने दोष जातो आणि नवे जीवन मिळते, हा बाप्तिस्म्याचा अर्थ त्यातच पाहिला जातो. चौकोनी फोडी रश्श्यात मऊ झाल्या, की हिरवी पालेभाजी, कोथिंबीर आणि लसूण तुपात परतून त्यावर घालतात. सोबत ऊस आणि संत्री.

याच पंचांगाचा सर्वांत मोठा सण आता जवळपास संपला आहे. ऑगस्टमध्ये नाईलला पूर आला की ‘वफा अन-नील’, म्हणजे नाईलने दिलेला शब्द पाळला, म्हणून कैरोत मोठा सोहळा होत असे. रोडा बेटावर ८६१ मध्ये बांधलेला पाणी मोजण्याचा स्तंभ अजून उभा आहे. त्यावरच्या खुणेपर्यंत पाणी चढले की कालव्याचा बांध फोडून पाणी शहराकडे सोडत, आणि त्याच खुणेवरून वर्षाचा शेतसाराही ठरे. १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले, कैरोला येणारा पूर थांबला, आणि सणाचे कारणच उरले नाही.

७ जानेवारीचा नाताळ चुकीच्या दिवशी आहे का?

नाही. कॉप्टिक लोकही नाताळ आपल्या पंचांगानुसारच, सहसा कियाहकच्या २९ तारखेला, साजरा करतात आणि ती तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाच्या २५ डिसेंबरशी जुळते. ज्युलियन पंचांगात दर चौथे वर्ष बिनचूक लीप असते. पण खरे वर्ष ३६५ दिवस आणि सहा तासांपेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी कमी असल्यामुळे साधारण १२८ वर्षांत एक दिवस जादा मोजला जातो. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने साचलेले दहा दिवस वगळले आणि ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षे लीप धरायची नाहीत असा नियम केला. कॉप्टिक चर्च रोमच्या पोपच्या अधिकाराखाली नसल्यामुळे त्याने ही सुधारणा घेतली नाही. फरक वाढत १९०० नंतर १३ दिवसांवर आला, म्हणून २५ डिसेंबरच्या जागी ७ जानेवारी. २१०० मध्ये तो १४ दिवस होईल आणि २१०१ पासून हाच नाताळ ८ जानेवारीला येईल.

नाताळच्या आधी ४३ दिवसांचा उपास असतो. कॉप्टिक उपास म्हणजे मांस, दूध, अंडी, तूप असे काहीही प्राणिजन्य न खाणे, आणि सगळे उपास धरले तर ते वर्षातल्या दोनशेहून अधिक दिवसांचे होतात. ६ जानेवारीच्या रात्री उशिरापर्यंत प्रार्थना चालते आणि मध्यरात्री घरी येऊन फत्ता खाऊन उपास सोडतात. २००३ पासून या दिवशी सबंध देशाला सुट्टी असते. त्याआधी ती फक्त ख्रिस्ती कर्मचाऱ्यांना मिळत असे. हा सरकारी मान अल्पसंख्याकांसाठी महत्त्वाचा आहे, पण त्यामुळे भीती संपलेली नाही. ९ एप्रिल २०१७ रोजी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तांता आणि अलेक्झांड्रिया इथल्या चर्चवर बाँबहल्ले होऊन चाळीसहून अधिक लोक मारले गेले. सणाच्या रात्री चर्चच्या दारात उभे असलेले पोलीस आणि धातुशोधक कमानी हे इजिप्तच्या नाताळचे आजचे वास्तव आहे.

शम्म अन-नसीम: सर्वांचा सोमवार

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या सणाकडे येऊ. शम्म अन-नसीम, म्हणजे झुळूक हुंगणे, हा कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी असतो. ईस्टरचा नियम असा आहे, की वसंत संपातानंतरच्या, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होतात त्या दिवसानंतरच्या, पौर्णिमेनंतर येणारा रविवार. पश्चिमेकडची चर्च संपात नव्या कॅलेंडरच्या २१ मार्चला धरतात, कॉप्टिक चर्च ज्युलियन २१ मार्चला, म्हणजे आपल्या ३ एप्रिलला. त्यामुळे कधी दोन्ही ईस्टर एकाच दिवशी येतात, जसे ते २० एप्रिल २०२५ रोजी आले, तर कधी पाच आठवड्यांचे अंतर पडते, जसे २०२४ मध्ये पडले. चंद्र आणि सूर्य दोघांनाही धरून चालणारा हा नियम असल्यामुळे शम्म अन-नसीम सरकतो, पण वसंत सोडून जात नाही.

तारीख चर्च ठरवते, आणि सण मात्र सगळ्यांचा आहे. त्या सकाळी मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबे चटया, डबे आणि मुलांना घेऊन बागांत, कालव्यांच्या काठी आणि नाईलच्या कठड्यावर जाऊन बसतात. रस्ता दुभाजकावरच्या हिरवळीचा तुकडाही रिकामा राहत नाही. आदल्या रात्री मुलांनी अंडी उकडून रंगवलेली असतात. पूर्वी कांद्याच्या साली घालून उकडली की ती तांबूस होत. ताटात पातीचा कांदा, लेट्युसची पाने, लिंबू आणि मधोमध ‘फसीख’.

फसीख म्हणजे बोय माशाचे आंबवलेले खारवण. ताजा मासा आधी काही काळ तसाच ठेवून फुगू देतात, मग मिठाचे थर देऊन पिंपात दाबून आठवडेच्या आठवडे मुरवतात. हे काम करणाऱ्याला ‘फसखानी’ म्हणतात, आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले नबरूह हे गाव त्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पिंप उघडले की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मांस लोण्यासारखे मऊ झालेले असते. ते तेल-लिंबू लावून भाकरीत घेतात आणि सोबत कांदा चावतात. हे काम कसबी हाताचे आहे, कारण मीठ कमी पडले किंवा मासा आतून सडला तर त्यात बोट्युलिझमचे विष तयार होते. १९९१ च्या एप्रिलमध्ये कैरोत फसीखातून झालेल्या विषबाधेत ९१ जण रुग्णालयात दाखल झाले आणि १८ जण दगावले. म्हणून सणाच्या आधी आरोग्य मंत्रालय दरवर्षी इशारा देते. अनेक जण फसीखाऐवजी ‘रिंगा’, म्हणजे धुरावलेला हेरिंग, पसंत करतात.

‘हा सण खरोखर फेरोंच्या काळातला आहे का?’

साडेचार हजार वर्षांची अखंड परंपरा असे इजिप्तमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितले जाते, आणि त्याचा संबंध कापणीच्या ‘शमू’ या प्राचीन ऋतूशी जोडला जातो. इथे जपून बोलले पाहिजे. इजिप्शियन लोक मासे उन्हात वाळवून किंवा खारवून खातात असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे, आणि वसंतात कापणीचे उत्सव होत असत यातही शंका नाही. पण तो उत्सव आणि आजचा सोमवार यांना जोडणारा सलग लेखी पुरावा दाखवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कैरोत राहिलेला ब्रिटिश अभ्यासक एडवर्ड लेन याने मात्र या दिवसाचे नेमके वर्णन केले आहे: बायका सकाळी कांदा फोडून हुंगतात आणि लोक मोकळ्या हवेसाठी शहराबाहेर पडतात. ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा उपास असतो आणि त्यात मासे-अंडी चालत नाहीत, म्हणून वसंताचा जुना सण उपासानंतरच्या सोमवारी नेला गेला, हे स्पष्टीकरण मला पटण्यासारखे वाटते. काही कट्टर धर्मोपदेशक मुसलमानांनी तो पाळू नये असे बजावत असतात. बागा तरीही भरतात.

उरूस कोणाचा?

संतांच्या उरुसांना ‘मूलिद’ म्हणतात. त्यांतले बरेच हिजरी तारखांनी होतात, पण तांताच्या सय्यद अहमद अल-बदवींचा प्रचंड मूलिद मुसलमान संताचा असूनही ऑक्टोबरमध्ये होतो, कारण तेव्हा कापसाचे पीक निघून शेतकऱ्याच्या हाती पैसा आणि सवड असते. लक्सरमध्ये अबू अल-हज्जाज यांची मशीद प्राचीन देवळाच्या आवारातच आहे, आणि त्यांच्या मूलिदात गाड्यांवर नावा ठेवून मिरवतात. अमुन देवाच्या नावेची मिरवणूक त्याच देवळापाशी येत असे. ख्रिस्ती संतांचेही मूलिद असतात. ऑगस्टमध्ये असियूतजवळच्या द्रोंका मठात मरियमच्या मूलिदाला लाखो लोक येतात.

सरकारी दिवस

तिसऱ्या पंचांगातले दिवस समजायला सर्वांत सोपे. २५ जानेवारी हा १९५२ मध्ये इस्माइलियात ब्रिटिश फौजेशी लढून मेलेल्या पोलिसांचा दिवस, आणि २०११ च्या क्रांतीचाही आरंभदिन. पोलिसांच्या जुलमाविरुद्ध उठणाऱ्यांनी पोलीस दिन मुद्दाम निवडला होता. २५ एप्रिल हा १९८२ मध्ये सिनाई परत मिळाल्याचा, ३० जून हा २०१३ च्या आंदोलनाचा, २३ जुलै हा १९५२ च्या क्रांतीचा, आणि ६ ऑक्टोबर हा १९७३ च्या युद्धात सुएझ कालवा ओलांडल्याचा. २१ मार्चचा मातृदिन सुट्टीचा नाही, पण घरोघरी पाळला जातो. तो १९५६ मध्ये मुस्तफा आणि अली अमीन या पत्रकार बंधूंच्या प्रयत्नाने सुरू झाला आणि तिथून इतर अरब देशांत पसरला.

मग ६ ऑक्टोबरची सुट्टी ९ तारखेला का? इजिप्तमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. मधल्या वारी आलेली सुट्टी गुरुवारी ढकलली की सलग तीन दिवस मिळतात आणि कामाचा आठवडा तुटत नाही, म्हणून मंत्रिमंडळ अलीकडे असा निर्णय घेते. २०२४ मध्ये कामगार दिनाची सुट्टी १ मेवरून ५ मे रोजी नेली, आणि तो रविवार कॉप्टिक ईस्टरचा होता. सरकारी यादीत ईस्टरला स्वतःची सुट्टी नाही. त्या वर्षी ती अशा रीतीने सर्वांना मिळाली. ईद किंवा शम्म अन-नसीम मात्र असा हलवता येत नाही, कारण त्यांची तारीख मंत्रिमंडळाच्या हातात नाही.

पंचांगे एकमेकांवर येतात तेव्हा

हिजरी वर्ष सतत सरकत असल्यामुळे काही वर्षे रमजान आणि ईस्टरपूर्वीचा उपास एकाच वेळी येतात. २०२५ मध्ये कॉप्टिक उपास २४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि रमजान १ मार्चला. एकाच इमारतीत एक घर सूर्यास्ताची वाट पाहत होते आणि शेजारचे घर दूध-अंड्यांशिवाय स्वयंपाक करत होते. २०२१, २०२२ आणि २०२३ या सलग तीन वर्षी शम्म अन-नसीम रमजानच्या आत पडला. अशा वर्षी मुसलमान घरांत फसीख सूर्यास्तानंतर खातात किंवा ईदपर्यंत थांबतात. रमजान ईदच्या दुपारी फसीख आणि रिंगा खाण्याची चाल तशीही अनेक घरांत आहे.

सहलीला जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. रमजानात संग्रहालये आणि प्राचीन स्थळे सहसा लवकर बंद होतात, पण रात्री रस्ते जागे असतात. दोन्ही ईदांच्या दिवसांत कचेऱ्या आणि बँका बंद असतात आणि गाड्यांना गर्दी उसळते, कारण सगळे आपापल्या गावी निघालेले असतात. शम्म अन-नसीमला कैरोच्या बागांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्या दिवशी पिरॅमिड पाहण्यापेक्षा नाईलकाठी जाऊन बसणे बरे. आणि कोणी फसीख पुढे केला, तर तो कोणत्या फसखानीकडून आणला हे आधी विचारावे; इजिप्शियन माणूसही तेच विचारतो.